दहा मोजा!

असे एक आप्पा प्रत्येक सोसायटीत असतातच. तुमच्याकडे ते नाना असतील, अण्णा असतील, औषध तेच. टीव्ही गोठला, लिफ्ट अडकली, पाण्याचा पंप गुरगुरायला लागला, की हे गृहस्थ हातातली भाजीची पिशवी खाली ठेवतात आणि म्हणतात, "बंद करा. दहा मोजा. चालू करा."

आमचे आप्पा तळमजल्यावर राहतात, पण त्यांचा जीव तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या सेट-टॉप बॉक्समध्ये अडकलेला असतो. हा बॉक्स साधा नाही, रेकॉर्डिंगवाला आहे. त्याच्या पोटात हार्डडिस्क आहे, एक मालिका बघता बघता दुसरी टिपून ठेवायची सोय आहे, आणि दोन्ही मालिका ऐन रंगात आल्या की बेशुद्ध पडायची खोडही आहे. सासूने सुनेवर हात उगारला, की तो हात तिथेच. आमच्या आईने एकदा तो उगारलेला हात इतका वेळ बघितला, की शेवटी तीच वैतागून म्हणाली, "अगं, मार तरी, नाहीतर खाली तरी घे!"

मग आप्पांना बोलावणं जातं. खरं तर ते धाडावंही लागत नाही. आमच्या टीव्हीचा आवाज थांबला की तो त्यांना खाली ऐकू येतो.

आप्पा येतात ते रिमोटकडे ढुंकूनही बघत नाहीत. "रिमोटनं बंद केलं की तो नुसता डोळे मिटतो. झोपत नाही, लबाड आहे." यात त्यांचं काही चुकत नाही. रिमोटचं लाल बटण दाबलं तरी बॉक्स आतून जागाच असतो आणि त्याच्या मेमरीत साचलेला गोंधळ तसाच राहतो. म्हणून आप्पा थेट भिंतीवरचा स्विच बंद करतात आणि मोजायला लागतात. दहा मोजण्यालाही कारण आहे. वीज तोडली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये थोडा भार उरतो, तो ओसरायला काही क्षण द्यावे लागतात. पण आप्पांची मोजणी म्हणजे बडा ख्याल. एक, दोन, तीन हे सावकाश. चारला कुणी बोललं, की पुन्हा एकपासून. सातला ते थांबतात आणि खोलीतल्या प्रत्येकाकडे बघून घेतात. नऊ आणि दहाच्या मध्ये आईचा चहा उकळतो.

आमच्या चिरंजीवांनी एकदा "एकदोनतीनचार" असं एका दमात उरकून स्विच लावला. आप्पांनी शांतपणे तो पुन्हा बंद केला. "ही मोजणी धरली जात नाही."

कोण धरत नाही, हे विचारायची कुणाची टाप नाही.

पावसाळ्यात आप्पांची प्रॅक्टिस जोरात चालते. उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तिथून निघालेला केयू बँडचा सिग्नल आमच्या गच्चीवरच्या छत्रीत पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो, की वाटेत एखादी जोरदार सर आली तर थेंबच त्याला पिऊन टाकतात. त्यावर भिंतीवरचा स्विच काय करणार? पण बॉक्स बंद करायचा, दहा मोजायचे, मग तो आळोखेपिळोखे देत उठणार, हार्डडिस्क फिरवणार, चॅनेलांची यादी नव्याने गोळा करणार. तोवर सर ओसरलेली असते. श्रेय आप्पांना. मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस दुपार व्हायच्या आधी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल काही मिनिटं बुडून जातो. तेव्हाही आप्पा दहा मोजतात आणि सूर्य मुकाट बाजूला होतो. "बघा," असं म्हणून आप्पा चहाचा कप उचलतात.

हळूहळू हे औषध सगळ्याच आजारांवर चालू झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या नवरा-बायकोचं भांडण जिन्यात आलं, तेव्हा आप्पांनी दोघांना आपापल्या खोलीत पाठवलं आणि पॅसेजमध्ये उभं राहून दहा मोजले. सहालाच बाई बाहेर आल्या आणि नवऱ्याला सोडून आप्पांवर घसरल्या. नवराही बायकोच्या बाजूने आला. आप्पांच्या लेखी हीसुद्धा केस बरी झाली.

दुखणं का होतं, हे मात्र आप्पांनी कधी विचारलं नाही. ते कंपनीच्या टेक्निशियनने शोधलं. त्याने आल्या आल्या बॉक्सवरचा पितळी गणपती उचलला, गणपतीखालचा आईच्या हातचा क्रोशाचा रुमाल उचलला, आणि रुमालाखाली हवा जायच्या बुजलेल्या फटी सगळ्यांना दाखवल्या. बॉक्स इतका तापला होता की हात ठेववेना. वीजपुरवठ्याच्या भागातल्या एका कपॅसिटरचं सपाट डोकं चक्क घुमटासारखं फुगलं होतं. बॉक्स छत्रीवरच्या एलएनबीला केबलमधून कधी १३, तर कधी १८ व्होल्ट पाठवतो. पुरवठाच लंगडा झाला, की १८ व्होल्टवाले चॅनेल आधी रुसतात. आईची मालिका नेमकी त्यातच होती.

"बॉक्स बदलून टाका," टेक्निशियन म्हणाला. "नाहीतर डिस्क तरी फॉरमॅट करू."

"आणि आतलं रेकॉर्डिंग?" आप्पांनी विचारलं.

"ते जाणार. नव्या बॉक्समध्ये जुनं लागत नाही. त्याला त्याच बॉक्सचं कुलूप असतं."

आप्पांचा आवाज चढलेला आम्ही पहिल्यांदाच ऐकला. "मी रोज बंद करतो, पण पुसत काही नाही! उठल्यावर सगळं जिथल्या तिथं सापडलं पाहिजे. ते सापडत नसेल तर मग कशाला उठवायचं?" टेक्निशियन चहा न घेताच गेला. शेवटी तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने थोडक्या पैशांत कपॅसिटर बदलून दिला, रुमालाची रवानगी कपाटात झाली, आणि बॉक्स सुतासारखा सरळ आला.

आप्पा मात्र बिघडले. रोज संध्याकाळी दारात यायचे. "काय म्हणतोय?" "छान चाललाय." "हं." चहाला बसायचे नाहीत, काम न करता चहा घ्यायची त्यांना सवय नाही. काकू गेल्यापासून खाली एकटेच असतात, हे आम्हाला माहीत होतं, पण त्याचा बॉक्सशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. आठवडाभर आईने हे पाहिलं आणि एका सकाळी रुमाल धुऊन, इस्त्री करून पुन्हा बॉक्सवर घातला. गणपती त्यावर बसला. मी काही बोलणार, तर म्हणाली, "उघडा बरा दिसत नाही."

मालिका पुन्हा अडकायला लागल्या. घर पूर्ववत झालं.

आणि मग सोसायटीचा पुनर्विकास निघाला. बिल्डरचा माणूस लॅपटॉप आणि प्रोजेक्टर घेऊन सभेला आला. भिंतीवर पोहण्याचा तलाव झळकला, दोन मजली पार्किंग झळकलं, माणशी वाढीव चौरस फूट झळकले. आप्पा उठले आणि म्हणाले, "माझा विरोध आहे."

"आप्पा, तुम्ही?" मागून कुणीतरी ओरडलं. "बंद करून चालू करा, हे तुमचंच ना? आता बिल्डिंगचं तेच करतोय!" सभा खो खो हसली.

"मी दहा आकडे सांगतो," आप्पा म्हणाले. "हे छत्तीस महिने सांगतायत. ह्याच गच्चीवर मी अँटेना सिंहगडाकडं वळवत उभा असायचो, आणि खालून ही ओरडायची, 'आलं, आलं! आता हलू नका!' ती गच्ची नव्या बिल्डिंगमध्ये लागणार आहे का? हे फॉरमॅट आहे."

कुणी हसलं नाही. कुणी मत बदललंही नाही. माणशी वाढीव चौरस फूट अजून भिंतीवर होते. तेवढ्यात प्रोजेक्टर गोठला. बिल्डरच्या माणसाने रिमोट दाबला, वायरी हलवल्या, लॅपटॉपवर फुंकर मारली. चित्र हलेना. सभा पुढे ढकलावी लागणार अशी कुजबुज सुरू झाली आणि सगळ्यांच्या माना आप्पांकडे वळल्या.

त्यांना बसून राहता आलं असतं. सभा मोडली असती, निदान त्या दिवसापुरती तरी. आप्पांनी वायरीकडे बघितलं, बिल्डरच्या माणसाच्या हातातल्या रिमोटकडे बघितलं, आणि त्यांना ते सहन होईना. पुढे जाऊन त्यांनी प्लग उपटला. चारला कुणाचा तरी मोबाइल वाजला. पुन्हा एकपासून मोजणी झाली. दहाला प्रोजेक्टर लागला, तलाव जिथल्या तिथं सापडला.

ठराव मंजूर झाला. विरोधात एकच हात वर होता, आणि प्रोजेक्टरची वायर त्याच माणसाच्या दुसऱ्या हातात होती.