पाणी कुठलं आणू, सर?

उंची हॉटेलात माणसाची पहिली परीक्षा पाण्याचीच होते. मांडीवरचा कडक इस्त्रीचा नॅपकिन उलगडायचा की तसाच ठेवायचा, हे ठरायच्या आत काळ्या बंडीतला मुलगा कमरेत वाकून विचारतो, "स्टिल ऑर स्पार्कलिंग, सर?" याला तिसरं उत्तर असतं, पण ते सुचवायची जबाबदारी त्याच्यावर नाही. "साधं पाणी" हे दोन शब्द गिऱ्हाइकाने स्वतःच्या तोंडाने काढायचे, तेही शेजारच्या टेबलाला ऐकू जाणार नाहीत अशा बेताने. एवढं धैर्य फार थोड्यांकडे असतं. बाकीचे "स्टिल" म्हणतात. मग बाटली येते, सील तुटल्याचा आवाज आपल्याला मुद्दाम ऐकवला जातो आणि मीटर सुरू होतो.

मला यात मुंबईच्या साध्या पाण्यावर फार अन्याय झालेला दिसतो. सह्याद्रीच्या कुशीत पाऊस पडतो, जंगलाने वेढलेल्या तलावात साठतो आणि तानसा, वैतरणा, भातशाचं ते पाणी शंभरेक किलोमीटर प्रवास करून मुंबईकराच्या नळाला येतं. त्यातलं तानसाचं धरण 1892 मधलं, म्हणजे 'हेरिटेज' हा शब्दही वापरता येईल. एवढं भांडवल आल्प्सवाल्यांच्या हाती असतं तर त्यांनी निळ्या काचेच्या बाटलीवर डोंगराचं चित्र काढून त्याचे सातशे रुपये लावले असते. शिवाय हे पाणी ज्या शहापूर तालुक्यातून येतं, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. तेव्हा 'दुर्मीळ' असंही छापायला हरकत नाही, आणि ते खोटंही ठरणार नाही.

बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले म्हणून भांडायला उठाल, तर बसा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये सांगून टाकलंय की हॉटेलवाले छापील किमतीला बांधील नाहीत. तिथे नुसती बाटली विकली जात नाही, सेवाही दिली जाते. त्यामुळे आपण पाण्याचे पैसे देतोय असं वाटत असलं, तरी आपण दिव्याचे, गादीचे, त्या मुलाच्या कमरेत वाकण्याचे देत असतो. पाणी तोंडी लावायला.

पाण्याचा टप्पा पार केला की खरं पेय निवडायचं. इथे महाराष्ट्र शासन आपल्या पाठीशी उभं राहतं. 1949 चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात अजून लागू आहे, आणि त्याच कायद्याखाली दारू पिण्याचा परवाना मिळतो. एका दिवसाचा परवाना देशीला दोन रुपये आणि विदेशीला पाच रुपये, अशी त्याची जुनी ख्याती. (नाशकात किंवा बारामतीत तयार झालेली व्हिस्कीसुद्धा 'भारतीय बनावटीचं विदेशी मद्य' असते, हे परराष्ट्र धोरण वेगळ्या लेखाचा विषय आहे.) परवान्याचं कारण मोठं गोड: प्रकृतीस्वास्थ्य राखण्यासाठी. म्हणजे शनिवारी रात्री लोअर परळमध्ये दिसणारी ती सगळी गर्दी आजाऱ्यांची असते. वाइनसाठी वय 21 लागतं, व्हिस्कीसाठी 25. मधली चार वर्षं प्रकृती द्राक्षांवर भागवायची.

वाइनचं तर शासनाला आजवर नीट ठरवता आलेलं नाही. जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा ती दारू नव्हती, शेतमाल होती. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिल्यावर ती पुन्हा दारू झाली आणि निर्णय कागदावर राहिला. बिलात मात्र गोंधळ नाही. खाण्यावर जीएसटी आणि पिण्यावर व्हॅट, असे तिथे दोन सवतेसुभे शेजारी शेजारी सुखाने नांदतात.

आता वाइनची यादी. ती चामड्याच्या बांधणीत येते आणि उजवीकडून डावीकडे वाचायची असते, आधी आकडा, मग नाव. सगळ्यात स्वस्त बाटली कुणी मागवत नाही, कारण त्यावरून आपली ऐपत ठरेल. तिच्या लगेच वरची मागवतात. हे आपलं गुपित आहे अशी आपली समजूत असते. यादी तयार करणाऱ्याला ते आपल्याआधी ठाऊक असतं. ती बाटली बहुधा नाशिकची निघते आणि दुकानातल्या किमतीच्या दुप्पट-तिप्पट भावाने कसारा घाट उतरून आलेली असते.

माझ्या ओळखीचे एक काका बँकेतून निवृत्त झाले. त्यांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला न्यू जर्सीहून आलेला मुलगा सगळ्यांना अशा एका हॉटेलात घेऊन गेला. मुलाने यादी उजवीकडून वाचलीच नाही. डॉलरने गुणाकार उलटा होतो. त्याने फ्रान्सची लाल वाइन सांगितली. ती घेऊन जो गृहस्थ आला तो वेटर नव्हता. छातीला द्राक्षाच्या घडाचा बिल्ला लावलेला तो सोमेलिये होता, म्हणजे कुठल्या घासाबरोबर कुठला घोट हे सांगणारा जाणकार. तो म्हणाला, यात चामड्याची छटा आहे, तंबाखू आहे, ओला दगड आहे. काकूंनी विचारलं, "मग गाळून घेतलीय ना?"

या जाणकारीविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. 2001 मध्ये फ्रान्समधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले. बोर्दोला वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या 54 जणांना पांढरी वाइन बिनवासाचा लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. नाकाआधी डोळ्याने चव घेतली. तेव्हा आपल्याकडच्या कुणी तंबाखू आणि ओल्या दगडाला मान डोलावली तर त्याला हसू नये. आणि त्या सोमेलियेलाही हसू नये, कारण त्याला खरंच काही कळत असतं. झणझणीत मटणावर कडक लाल वाइन घेऊ नका, थोडी गोडसर पांढरी शेनँ ब्लाँ घ्या, असं तो सांगतो तेव्हा तो बरोबर असतो. अल्कोहोलने तिखटाची आग वाढते. ती विझवायला दुधातलं केसिन लागतं, म्हणजे ताक. पण ताकात मार्जिन किती, हे त्याला विचारू नये. त्याचीही नोकरी आहे.

मग तो विधी. बाटलीचं बूच काढून यजमानापुढे ठेवायचं, पेल्यात एक घोट ओतायचा आणि थांबायचं. आवडली का, असं इथे विचारलेलंच नसतं. बुचाला बुरशी लागून वाइन बिघडली आहे का, एवढंच तपासायचं असतं. हल्ली नाशिकच्या बऱ्याच बाटल्यांना बूचच नसतं, फिरकीचं झाकण असतं, तरी विधी तसाच होतो. सौभाग्यवती माहेरी गेल्यावर सुपारी मांडून पूजा उरकावी, तसं. आणि आजवर कुठल्याही मराठी यजमानाने त्या घोटानंतर "छान" सोडून दुसरं काही म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

काकाही "छान" म्हणाले. मुलगा म्हणाला, "ग्रेट नोज." सुनेने डोळे मिटून पेला फिरवला. काकूंनी नुसता हुंगला आणि खाली ठेवला.

"अहो, याला भिजल्या गोणपाटाचा वास येतोय."

"आई, तो ओक आहे," मुलगा म्हणाला.

"ओक असो नाहीतर जोशी असो. चाळीस वर्षं धान्याचे डबे उघडतेय मी. पावसाळ्यात खालच्या तांदळाला येतो ना, तो वास."

सोमेलियेने पेला उचलला, नाकाशी नेला, आणि त्याचा चेहरा उतरला. बूच बिघडलं की वाइनला नेमका हाच वास येतो. ज्या द्रव्यामुळे तो येतो, ते लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी पुरतं. चामडं, तंबाखू, दगड सगळं टाकून तो चक्क मराठीत बोलला, "काकू, एक मिनिट हं. मी बदलून आणतो."

नवी बाटली आली. यजमान म्हणून काकांनी सवयीने पेला पुढे केला, पण तो त्यांना वळसा घालून काकूंच्या खुर्चीशी जाऊन उभा राहिला. त्याने घोटभर ओतली. काकूंनी हुंगली, जरा थांबून पुन्हा हुंगली. सगळं टेबल त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

"ही बरी आहे," काकू म्हणाल्या. "पण बाटली केवढी मोठी रे बाळा. यात वन बाय टू होईल का?"