प्रिय उधारी पाटील

बापूंना माणसांचा कंटाळा नाही. फक्त माणूस यादीत एकदाच आला पाहिजे. एक माणूस, एक ओळ, एक नंबर. नावाच्या रकान्यात नाव आणि गावाच्या रकान्यात गाव. एवढं जमवणारा माणूस बाकी कसाही असला तरी बापूंच्या लेखी सज्जन. नावाच्या रकान्यात ‘पाटील साहेब (नवीन)’ असं लिहून ठेवणारा मात्र कितीही मोठा असो, बापू त्याला चहा विचारत नाहीत.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत एका जुन्या इमारतीच्या माडीवर त्यांची खोली आहे. पूर्वी ते लग्नपत्रिकांवर पत्ते लिहून द्यायचे, मग पत्त्यांचे स्टिकर छापू लागले, आणि आता दुकानं, शोरूम, क्लासेस, पतसंस्था यांच्या गिऱ्हाइकांच्या याद्या साफ करून देतात. दसरा-दिवाळीचे सेल, लग्नसराई आणि जूनमधले प्रवेश ही त्यांची सुगी. मेसेज लिहिणारा वेगळा, पाठवणारी कंपनी वेगळी. ज्या नंबरावर मेसेज जायचा तिथे माणूस आहे का, आणि असला तर तो यादीत लिहिलाय तोच आहे का, एवढंच बापू बघतात.

गिऱ्हाईक छाती फुगवून येतं. ‘बापू, लाखाचा डेटा हाय!’

बापू पेनड्राइव्ह लावतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात. ‘बघूया, किती उरतोय.’

भांडण इथूनच सुरू होतं. बाकीच्या धंद्यांत माल थोडा वाढवून दिला की गिऱ्हाईक खूश. बापूंना माल कमी करून द्यायचा असतो आणि वर पैसे मागायचे असतात. एका साडीवाल्यांना लाखाचे साठ हजार करून दिले तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, ‘बाकीचे चाळीस हजार तुमी ठिवून घेतलासा व्हय?’ बापूंनी त्यांना खुर्चीत बसवलं, कॉम्प्युटरचं तोंड त्यांच्याकडे वळवलं आणि त्या चाळीस हजारांची ओळख करून दिली.

त्यात आधी होते लँडलाइनवाले. कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१. आकड्याच्या डावीकडे शून्य दिसलं की एक्सेल ते गिळतं. शून्य गेलं की २३१ आणि पुढचे सात आकडे मिळून बरोबर दहा भरतात, आणि कधीच बंद पडलेला घरचा फोन मोबाइल असल्यासारखा यादीत मिरवत बसतो. आपल्याकडचा मोबाइल नंबर ६, ७, ८ नाहीतर ९ नेच सुरू होतो. ‘दोननं सुरू झालाय म्हंजे तो भिंतीजवळचा फोन,’ बापू म्हणाले. ‘त्याला सेल लागलाय सांगून काय उपयोग?’

त्यानंतर त्यांनी जी गोष्ट दाखवली ती सांगताना बापूंचा आवाज नेहमीच खाली जातो. दुकानातल्या पोरानं हौसेनं एका फाईलमधल्या सगळ्या नंबरांच्या आधी ९१ लावलं होतं. बारा आकडी नंबर एक्सेलला लांब वाटला, म्हणून त्यानं तो आखडून ‘९.१९८२३ई+११’ असा दाखवायला घेतला. पोरानं तशीच सीएसव्ही केली आणि जागा मोकळी व्हावी म्हणून मूळ फाईल पुसली. पुन्हा उघडल्यावर प्रत्येक नंबराच्या शेपटीला सहा-सहा शून्यं. हजारो गिऱ्हाइकांत मिळून उरले शे-दोनशे नंबर, आणि तेही कुणाचेच नाहीत. ‘ह्याला औषध न्हाई,’ बापू म्हणाले. ‘बिलबुकं काढा आणि पोराला परत भरायला बसवा.’

नावांचा गोंधळ मात्र बापूंना मनापासून आवडतो. बाहेरगावचा कुणी हुशार माणूस येऊन ‘नावावरून डुप्लिकेट काढा की’ असं सुचवतो तेव्हा बापू त्याच्याकडे करुणेनं बघतात. नावावरून काढायचे तर एस. बी. पाटील हे एकच गृहस्थ उरतील आणि बाकी करवीर तालुका पुसला जाईल. वडणग्याचे एस. बी. पाटील वेगळे, कागलचे वेगळे, आणि राजारामपुरीच्या आठव्या गल्लीतले दोघे तर एकमेकांशी बोलतही नाहीत. उलट जोशी, ज्योशी आणि ‘जोशीसर क्लास’ हा एकच माणूस निघतो. म्हणून बापू नंबर धरतात, नाव सोडतात.

नंबर धरला तरी सुटका नाही. एका नंबरावर चार नावं निघतात: आजी, मुलगा, सून, नातू. घरात बिल करताना तोंडावर येणारा नंबर एकच. यातलं कुणाला ठेवायचं? इथे मशीन हात टेकतं आणि बापू खुर्ची पुढे ओढतात. ‘काय इकायचं हाय?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. साडी असेल तर सून, ट्रॅक्टर असेल तर मुलगा, क्लास असेल तरीही सून, कारण फी बाप भरतो पण क्लास आई ठरवते. आजीला कुणीच ठेवत नाही याचं बापूंना वाईट वाटतं. पतसंस्थेची ठेव योजना आली की ते आठवणीनं आजीला वर काढतात.

पतसंस्थांच्या याद्यांचा थाट वेगळा. त्या जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये असतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या की मराठी नावांच्या जागी चिन्हांचा चिवडा दिसतो. फाँट बदलायचं सॉफ्टवेअर बापूंकडे आहे, पण त्यांना ते लागत नाही. चिन्हांकडे बघत ते ‘हे कुलकर्णी, हे माने, हे परत माने’ असं वाचत जातात. त्यांच्याकडे काम करणारी पोरगी हे बघून पहिल्याच आठवड्यात घाबरली होती.

वाढदिवसाच्या शुभेच्छांचं कामही हल्ली फार येतं. इच्छुक उमेदवारांना तर त्याशिवाय चैन पडत नाही. असे एक इच्छुक आले आणि १ जून हा आकडा बघून हरखले. मतदारसंघातल्या इतक्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी! बापूंनी समजावलं, ‘साहेब, हे जन्माला आलेत कवाबी. एक जूनला शाळंत आल्यात.’ तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे, आणि त्या एका फटक्यानं गावंच्या गावं जुळी झाली. त्यातून एखाद्या कॉम्प्युटरनं दिवस आणि महिना अमेरिकन पद्धतीनं उलटा धरला, की हीच मंडळी ६ जानेवारीला शुभेच्छा स्वीकारतात. कुणी तक्रार करत नाही. खरी तारीख त्यांनाही माहीत नसते.

बापूंचा सल्ला न ऐकणाऱ्यांची गोष्ट महाद्वार रोडवर अजून सांगतात. एका दुकानदारानं पैसे वाचवायला यादी परस्पर केली. स्वतःच्या मोबाइलमधले सगळे कॉन्टॅक्ट काढले आणि नावाच्या जागी आपोआप नाव पडेल असा दिवाळीचा मेसेज सोडून दिला. मोबाइलमध्ये नावं जशी सेव्ह होती तशीच पडली. ‘प्रिय उधारी पाटील, आपणांस व आपल्या परिवारास दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.’ ‘प्रिय उचलू नको.’ ‘प्रिय प्लंबर चोर.’ आणि थेट सोयरिकीत, ‘प्रिय मेव्हणा डोकेदुखी.’ उधारी पाटलांनी संध्याकाळी येऊन सगळी बाकी रोख भागवली, हा त्यातला एकच फायदा. मेव्हणा अजून आलेला नाही.

पेनड्राइव्ह घेऊन येणारे दुसऱ्या जातीचे लोकही असतात. ‘दहावीची पोरं, पालकांच्या नंबरासकट, ताजा माल.’ ‘डॉक्टर पाहिजेत? नव्या गाड्या घेतलेले?’ बापू एरवी माणूस बरा, पण इथे त्यांची भाषा बिघडते. २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आला, त्याआधीपासूनच ते असल्या पेनड्राइव्हला हात लावत नाहीत. ज्यानं स्वतःहून नंबर दिला नाही त्याला आपण ओळखत नाही, इतकं साधं त्यांचं गणित. ‘डू नॉट डिस्टर्ब’वाल्यांबद्दल तर त्यांना भलताच आदर आहे, कारण त्यांचा स्वतःचा नंबर तिथे आहे. १९०९ ला ‘स्टार्ट ०’ असा मेसेज केला की जाहिराती बंद होतात, हे ते गिऱ्हाइकाच्या देखत सांगतात. धंद्याला हे परवडतं कसं, ते मला कळलेलं नाही.

बापूंना पांडित्याचा सोसही आहे. लग्नात आहेराच्या वहीत डोकावून ‘हे काका दोनदा आल्यात’ असं सांगणं, पत्रिकेवरचा पिनकोड तपासणं, हे त्यांना टाळता येत नाही. बायको त्यांना पंगतीत लांब बसवते. पण एक गोष्ट मी पाहिलेली आहे. ओळखीचं कुणी गेलं की बापू स्मशानातून घरी येतात, आंघोळ करतात आणि हाताखालच्या ज्या ज्या यादीत ते नाव असेल तिथून ते काढतात. तेराव्याच्या आधी. मागे राहिलेल्या बाईच्या हातातल्या फोनवर ‘प्रिय अमुक, खास तुमच्यासाठी’ असं वाजू नये म्हणून. एवढ्या वेळेवर तर नातेवाईकही पोचत नाहीत.

बंद केलेला नंबर कंपन्या निदान ९० दिवस कुणाला देत नाहीत, पण नंतर देतात. त्यामुळे ‘वहिनी, तुमची पैठणी आली आहे’ हा मेसेज एखाद्या बिनलग्नाच्या पोराला जातो आणि तो दुकानदाराला शिव्या घालतो. बापू म्हणतात, यात दुकानदाराचा दोष निम्मा. निम्मा आपला. आपण नंबर बदलतो आणि कुणालाच सांगत नाही, किंवा काउंटरवर तोंडाला येईल ते सांगतो. नऊपासून शून्यापर्यंत उतरत्या क्रमानं मोजून सांगितलेला नंबर बापूंना प्रत्येक यादीत भेटतो. कुठे तो पाटील असतो, कुठे शहा, कुठे मुल्ला.

तेव्हा वाचकहो, बिल करताना नंबर मागितला आणि द्यायचा नसला तर सरळ ‘नाही’ म्हणा. नंबरासाठी दुकानदारानं अडवू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानंच २०२३ मध्ये बजावलेलं आहे. साडी तशीही मिळते. पण शेजाऱ्याचा नंबर देऊ नका.