एडी करंट, तुझा हिशेब

एडी करंट यास,

बदलत्या चुंबकीय क्षेत्राने धातूत उठणाऱ्या भोवरी प्रवाहा, तुझी चोरी चारचौघांत मांडायची आहे, म्हणून हे पत्र उघडे. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये कणत्वरकाच्या 27 किलोमीटरच्या बोगद्यात 1,232 मोठे द्विध्रुव चुंबक बसवले आहेत. पूर्ण चुंबकीय क्षेत्राला त्यांच्या वेटोळ्यांतून 11,850 अँपिअर वीज रोधाशिवाय फिरते. त्यासाठी हेलियमने सगळे 1.9 केल्विनवर जपावे लागते. आणि एवढ्या जपलेल्या ठिकाणी येऊन तू करतोस काय, तर उष्णता!

तुझा अड्डा तांब्यात. नायोबियम-टायटॅनियमचे सहा-सात मायक्रोमीटर जाडीचे हजारो तंतू तांब्यात बसवले, की मिलिमीटरभर जाडीचा एक पेड होतो. वेटोळ्याच्या आतल्या थराच्या चपट्या केबलमध्ये असे 28 पेड. तंतूची अतिसंवाहकता गेली, तर वीज सावरायला तांबे हवेच. तू त्याचाच फायदा उपटतोस. क्षेत्र चढू-उतरू लागले, की एका तंतूतून निघून, तांबे ओलांडून शेजारच्या तंतूत शिरतोस आणि फेरा पुरा करतोस. पेडापेडांच्या सांध्यांवरही तोच धंदा. क्षेत्रबदलाचा वेग दुप्पट, तर तुझी लूट चौपट.

एका वॅटने काय होते, असे म्हणू नकोस. 1.9 केल्विनवरचा एक वॅट उपसायला बाहेर जवळपास एक किलोवॅट वीज जळते. त्या गारठ्यात धातूची उष्णता सोसण्याची ताकदही नगण्य. जराशा उबेने वेटोळे क्वेंच होऊ शकते, म्हणजे त्याची अतिसंवाहकता जाते. मग एकेका चुंबकातली सुमारे 7 मेगाज्यूल ऊर्जा सुखरूप उतरवण्याची धावपळ इंजिनिअरांच्या गळ्यात, आणि तू नामानिराळा.

पेडांमध्ये पक्के इन्सुलेशन घालता येत नाही, कारण अडलेल्या पेडाची वीज शेजाऱ्यांना घेता आली पाहिजे. हे ओळखूनच तू माजला होतास. पण तंतूंना दर 18 मिलिमीटरला पीळ बसला आणि तुझा फेरा आखडला. पेडांवर कथिल-चांदीचा थर चढला, केबल तापवून त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा आला, आणि सांध्यांवरची तुझी मिजास उतरली.

सर्नमध्ये चुंबक वीसेक मिनिटे घेऊन सावकाश चढतात, म्हणून तू आटोक्यात आहेस. जर्मनीत डार्मश्टाटच्या एसआयएस-100 या कणत्वरकामध्ये मात्र क्षेत्र सेकंदाला 4 टेस्लाच्या वेगाने बदलायचे आहे. तिथे तुझे फावता कामा नये. पीळ आणि थर यांवर खर्च करताना कोणी हात आखडू नये. चुंबकाच्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून तुझ्या नावाचा रकाना हवा; शेवटी हिशेबाला बसावे, तर तोवर तू खाऊन मोकळा झालेला असतोस.

तुझ्यावर डोळा ठेवून असलेला,
एक वाचक