पिनकोडसकट

रात्रीची जेवणं आटोपली की आमच्या खालच्या मजल्यावरचे काका सिनेमाच्या शोधाला बसतात. चष्मा, रिमोट, शंभर पानी वही आणि हाताशी ओव्याची डबी. टीव्ही लागताच पडद्यावर सगळ्यात वर 'खास तुमच्यासाठी' अशी रांग येते. अनोळखी माणसानं एकेरीत हाक मारावी तसे काका तिच्यावर वैतागतात. "ज्यांच्याकडे पोस्टरला पैसे आहेत, त्यांना माझी काय गरज?" असं म्हणून ते वही उघडतात.

वहीत महोत्सवांच्या याद्या असतात. मुख्य स्पर्धेकडे काका ढुंकूनही बघत नाहीत; तिथल्या मंडळींच्या मागे फोटोग्राफर आहेतच. त्यांची नजर कडेच्या विभागांवर. व्हेनिसचा ओरिझोंती, बर्लिनचा जनरेशन, लोकार्नोतला नवोदितांचा. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' २०१४ मध्ये ओरिझोंतीत सर्वोत्कृष्ट ठरला, अविनाश अरुणचा 'किल्ला' त्याच वर्षी बर्लिनहून स्फटिकाचं अस्वल घेऊन आला, 'तिथी' हा कन्नड सिनेमा पुढच्या वर्षी लोकार्नोत जिंकला. हे सगळं काका अशा सुरात सांगतात, की तिन्ही ठिकाणच्या परीक्षकांनी निकालाआधी यांना फोन केला असावा.

पद्धत मात्र पक्की आहे, हे कबूल करायला हवं. ॲप आपल्याला काल पाहिलेलंच आज वेगळ्या वेष्टनात देतं. त्यापेक्षा वर्षातून एकदा या दोन-तीन याद्या नीट वाचल्या, तर पुढच्या कित्येक शनिवारांची सोय होते. काकांची दुसरी युक्ती कॅमेरावाल्याचा माग काढण्याची. 'किल्ला' आवडला ना? मग 'मसान' बघा, कॅमेरा त्याच माणसाचा. आमच्या बिल्डिंगमध्ये जे काही चांगलं पाहिलं गेलं, ते या वहीतूनच वर आलं. फक्त काका ते आपल्याला सुखानं पाहू देत नाहीत.

काका बँकेत ऑडिटला होते. एका उन्हाळ्यात रजा टाकून त्यांनी फिल्म इन्स्टिट्यूट आणि आर्काइव्हचा रसास्वादाचा कोर्स केला. "कोर्स महिन्याभराचा," काकू सांगतात, "यांचा अजून चालू आहे." पुतणीच्या हळदीचा व्हिडिओ बघताना सगळे डोळे पुसत होते, तेव्हा काका म्हणाले, "शॉट अजून जरा टिकायला हवा होता." पुढे गुडघ्यांनी पिफ या चित्रपट महोत्सवाच्या रांगेत उभं राहायला नकार दिला आणि महोत्सव घरातच भरू लागला. नोकरीत चार आण्यांच्या फरकासाठी शाखेला रात्री दहापर्यंत बसवून ठेवणारा हा माणूस, पण इन्स्टिट्यूटच्या पोरांकडून आलेल्या पेन ड्राइव्हचा हिशेब विचारला, तर खाली बघून म्हणतो, "अभ्यासासाठी आहे तो."

'मुबी' ॲपवर पूर्वी रोज एक सिनेमा यायचा आणि तीस दिवसांनी निघून जायचा. तो काळ काकांच्या आयुष्यातला सर्वांत धकाधकीचा. एकदा जिन्यात उभं राहून ते फोनवर कुणाला तरी कळवळून सांगत होते, "आज रात्री बारापर्यंतच आहेत हो तारकोव्हस्की. उद्या नाही दिसायचे." वॉचमन धावत वर आला. "काका, ॲम्ब्युलन्स बोलावू?"

काकांचं खरं दुःख वेगळंच आहे. सिनेमा सापडत नाही तोवर ते आनंदात असतात. तो सगळ्यांना सापडला, की उदास होतात. ताम्हाणेच्याच 'द डिसायपल'ला २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालं, तेव्हा काकांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. पुढच्या एप्रिलमध्ये तो नेटफ्लिक्सवर आला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी काकांच्या आधी पाहिला. वर जिन्यात थांबवून म्हणाल्या, "गाणं शिकणाऱ्या मुलाचा जीव किती कळवळतो हो!" काकांचा चेहरा पडला. मग सावरून, आवाज खाली आणून ते म्हणाले, "त्यातल्या माईंचा आवाज कुणाचा, सांगा. सुमित्रा भावेंचा!" वहिनींना हे ठाऊक नव्हतं. त्या रात्री काका व्यवस्थित जेवले.

२०२२ च्या अखेरीस 'साइट अँड साउंड' मासिकाच्या जागतिक कौलात समीक्षकांनी शांताल आकरमानचा १९७५ चा एक सिनेमा पहिला ठरवला. काकांनी तो मिळवला. (कुठून, ते विचारू नये.) त्याचं नाव ते श्वास भरून पूर्ण घेतात: "जान दिएलमान, २३, के द्यु कॉमर्स, १०८० ब्रुसेल्स."

"पिनकोडसकट?" काकू म्हणाल्या.

सिनेमा तीन तास एकवीस मिनिटांचा. एका विधवेचे तीन दिवस: अंथरूण आवरणं, मुलाचं जेवण, आणि रोज दुपारी पैसे देऊन जाणारा एक पुरुष. कॅमेरा जागचा हलत नाही. दिग्दर्शिका तेव्हा पंचविशीतली. काकूंनी मेथीची जुडी घेतली आणि सोफ्याच्या कडेला बसल्या. पडद्यावर बाई स्वयंपाक करू लागली. करत राहिली. "मी रोज करते," काकू म्हणाल्या, "तेव्हा कधी येऊन उभे राहिलात?" काकांनी हातानंच 'श्श' केलं आणि मोबाइलवर या सिनेमातल्या 'काळा'बद्दलचा एक लेख उघडला. पडद्यावर काळ जात होता, काका त्याच्याबद्दल वाचत होते.

दीड-दोन तासांनी काकूंचा हात थांबला.

"बाईचं काहीतरी बिनसलंय."

"कशावरून?" काकांनी लेखातून मान वर केली.

"बटाटे. काल वेळेवर उतरवले होते. आज गाळ झालाय. आणि आता पातेलं घेऊन घरभर फिरतेय, टाकू कुठे ते सुचत नाहीये तिला. ही बाई अशी नाही."

काकांनी सिनेमा मागे नेला, पाहिला, पुन्हा मागे नेला. मग लेख बंद केला. काकूंनी मात्र पुढचा सगळा सिनेमा मेथी विसरून पाहिला आणि शेवट झाल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मेथीचं वरण झालं नाही, त्याबद्दल काकांनीही चकार शब्द काढला नाही.

तेव्हापासून बिल्डिंगमध्ये लोक 'काय बघू?' हे काकूंना विचारतात. त्यांच्याकडे वही नाही. 'व्हिलेज रॉकस्टार्स' त्यांनीच सगळ्यांना दाखवला. रिमा दासनं आसाममधल्या आपल्याच गावात तो लिहिला, दिग्दर्शित केला, कॅमेरा धरला, संकलनही केलं. २०१८ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. एकटीनं एवढं कसं जमवलं म्हणून काका हरखून सांगत होते, तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "घर चालवतो तसंच की."

परवा इन्स्टिट्यूटचा एक मुलगा नवा पेन ड्राइव्ह घेऊन आला. काकांनी त्याला बसवलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "जान दिएलमान पाहिलायस? दुसऱ्या दिवशीचे बटाटे बघ. सगळा सिनेमा तिथं आहे. माझ्या ते चटकन लक्षात आलं." मुलानं भारावून मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

"अहो," आतून काकूंचा आवाज आला, "त्याला विचारा, चहात साखर मी घालू, की तेही प्रेक्षकावर सोडायचं?"