आधी काडीमोड, मग कौतुक

नवोदित पॉप बँडांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. समीक्षकांनी आपल्याला ‘परिपक्व’ म्हणावं असं वाटत असेल, तर नवी चाल शोधू नये. वकील शोधावा.

स्वीडनच्या ‘अ‍ॅबा’चंच बघा. १९७४ साली ब्रायटनला ‘वॉटर्लू’ गाऊन त्यांनी युरोव्हिजन जिंकलं. ब्योर्न-आग्नेथा आणि बेनी-फ्रीडा अशी दोन जोडपी, चारही चेहरे हसरे, अंगावर चमचमते कपडे. इथेच चुकलं. मायदेशातल्या डाव्या संगीतवाल्यांनी नाकं मुरडली आणि पुढच्या वर्षी स्पर्धा स्टॉकहोमला आली तेव्हा निषेध म्हणून वेगळा महोत्सवच भरवला. चाल इतकी गोड, म्हणजे तिच्यामागे भांडवलशाहीच असणार!

‘एसओएस’ १९७५चं. मोडलेल्या संसारावरचं ‘नोइंग मी, नोइंग यू’ १९७६च्या अल्बमवरचं. दोन्ही काळीज पोखरणारी गाणी. पण ब्योर्न आणि आग्नेथा तेव्हा एकाच घरात नांदत होते. सुखाने नांदणाऱ्यांचं दुःख मनावर घेतो कोण?

मग ते दोघं वेगळे झाले. १९८१ साली बेनी आणि फ्रीडाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘द व्हिजिटर्स’ हा अल्बम आला. मुखपृष्ठावर एका जुन्या चित्रकाराचा अंधारा स्टुडिओ आणि एकमेकांपासून अंतर राखून असलेले चौघं. आत बेनी-फ्रीडाच्या ताटातुटीचं गाणं, गायला खुद्द फ्रीडा. शाळेला निघालेल्या लेकीवर बापाने लिहिलेलं गाणं, गायला तिची आई. (हेच गाणं जपानमध्ये कोकाकोलाच्या जाहिरातीसाठी तबकडीवर निघालं होतं, पण परीक्षणात असला तपशील शोभत नाही.) हा त्यांचा सर्वांत प्रगल्भ अल्बम, असं पुढे बहुतेकांनी ठरवून टाकलं.

अल्बम उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण चाली बांधणारे तेच ब्योर्न आणि बेनी होते आणि गळेही त्याच दोघींचे. नवे होते ते फक्त कोर्टाचे कागद. गाण्यातलं दुःख खरं की खोटं, हे कानाने कळत नसेल तर शिक्का तपासावा लागतो.

आता लंडनमध्ये या चौघांच्या तरुण डिजिटल प्रतिमा ‘अ‍ॅबा व्हॉयेज’ नावाचा कार्यक्रम करतात. २०२२ साली तो सुरू झाला तेव्हा पहिलं गाणं होतं त्याच अल्बमचं शीर्षकगीत, ‘द व्हिजिटर्स’. दारावर थाप पडली की धास्तावणाऱ्या सोव्हिएत बंडखोराचं. प्रेक्षक चमचमत्या कपड्यांत येतात आणि नाचतात. समीक्षकांनी यावर पाच तारे दिले.