जोडव्यांचं प्रकरण

अहो, ऐकलंत का? वकीलीणबाईंच्या सुनेचं? नाही? म्हणजे अख्ख्या रुक्मिणीनगरात तुम्हीच एकट्या राहिलात! थांबा, कुकर बंद करून येते... हं. आता जरा कुंपणाजवळ या बाप्पा, त्यांच्या खिडकीत सगळं ऐकू जातं.

सुनेच्या पायात जोडवी नव्हती हे तर तुम्हीही पाहिलंच होतं. गेल्या महिन्याच्या हळदीकुंकवाला सगळ्यांचं लक्ष तिच्या पायांकडेच. कोपऱ्यावरच्या काकू मला म्हणाल्या, "काहीतरी बिनसून राहिलंय त्या घरात." त्यात ती रोज पहाटे साडेपाचला स्कूटी काढून जाते, तोंडाला ओढणी गुंडाळून. विचारलं तर म्हणते, वॉकला. वॉकला कोणी स्कूटीवर जातं का, तुम्हीच सांगा!

तर काय सांगत होते... परवाची भिशी. बँकेवाल्या काकूंकडे होती ना. अकोल्याची त्यांची नणंद आलेली, जठारपेठेतली. ती आली की काय होतं ते ठाऊकच आहे. आलूबोंड्याची प्लेट हातात पडत नाही तोच सुरू, "आमचा अथर्व, आमचा आदित्य!" जसे काही तायडे आणि ठाकरे दोघंही हिच्याच ओट्यावर खेळून मोठे झाले. आदित्य ठाकरे म्हणजे बॉलिंगवाला हं, राजकारणातला नव्हे. म्हणे, "पोराची पहिलीच रणजी मॅच, तीही डायरेक्ट फायनल! विदर्भानं पहिल्यांदा कप आणला त्या वर्षी. आणि लगेच 2018 मध्ये अंडर-19 वर्ल्ड कप चालू असताना त्याला न्यूझीलंडला बोलावून घेतलं. आमच्या अकोला क्रिकेट क्लबची कमाल आहे ही!"

आता अमरावतीच्या बाया ऐकून घेतात होय? काकूंनी चहाची किटली तशीच खाली ठेवली. "काहो वन्स, आमच्या जितेश शर्मानं लखनौला 33 बॉलमध्ये 85 ठोकले, तेव्हा तुमच्याकडे लाइट गेले होते का? अठरा वर्षं बेंगळुरूच्या टीमला कप मिळत नव्हता, 2025 मध्ये मिळाला. त्या टीमचा कीपर कुठला? अमरावतीचा!" नणंदबाईंचा चेहरा असा उतरला म्हणता... बोंडा तोंडाशी नेलेला, तो परत प्लेटमध्ये.

तेवढ्यात मास्तरीणबाईंनी चष्मा पुसला. त्यांनी चष्मा पुसला की समजायचं, गाडी हनुमान आखाड्याकडे वळली. यजमान पीटीचे मास्तर ना, सगळं तोंडपाठ. "बायांनो, क्रिकेट राहू द्या. 1914 साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं, तेव्हा कुठे होतं तुमचं आयपीएल? 1936 मध्ये बर्लिनला ऑलिंपिक झालं, तर आपल्या अमरावतीची पोरं बोटीत बसून गेली. मल्लखांब, लेझीम, कबड्डी, सगळं करून दाखवलं त्या गोऱ्यांना. प्रभाकरराव वैद्यांना 2012 ची पद्मश्री काय उगीच मिळाली?" नणंद हार मानणारी नाहीच. "आमची पोरं गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर आणतात राजराजेश्वराला, अनवाणी! कावड उचलायला व्यायाम नाही लागत?" आता हेही खरंच आहे हो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी कधी गेलात का अकोल्याला? एकेक मंडळाची कावड पाहूनच आपले खांदे भरून येतात.

पण मग तिनं असं काही विचारलं ना... म्हणाली, "एवढं बर्लिन-बर्लिन करून राहिल्या, तर इथं बसलेल्या कोणाची लेक जाते आखाड्यात? कोणाची सून?"

सगळ्या गप्प. कोणी पदर नीट करतंय, कोणी मोबाइल पाहतंय. माझी नात पण ट्यूशनलाच जाते, मी काय बोलणार! वकीलीणबाई तेवढ्या ताठ. म्हणाल्या, "आमच्या घरच्या सुना असल्या उड्या मारत नाहीत."

आणि अहो, त्यांची ती चार वर्षांची नात, शेवेची वाटी घेऊन दारातच उभी! म्हणते कशी, "आजी, मम्मी तर दोरीवर उलटी लटकते!"

वकीलीणबाईंचा चेहरा... नको, मी सांगतच नाही. सून तेवढ्यात स्वयंपाकघरातून आली. वाटलं, आता रडेल. कशाची रडते! सरळ पाय पुढे केला. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधे घट्टा पडलेला, हा असा. "आई, दोरीचा मल्लखांब शिकतेय. दोरी याच दोन बोटांत धरावी लागते. जोडवी घातली की टोचतात, दोरी अडकते. म्हणून कपाटात ठेवलीत, तुमच्या डब्याशेजारी." बस, एवढंच होतं सगळं प्रकरण! आणि आपण काय काय रचलं होतं!

मास्तरीणबाई तर जागेवरून उठल्याच. "2019 मध्ये मुंबईला शिवाजी पार्कवर मल्लखांबाची वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, बाहेरच्या देशांतली पोरं-पोरी आली होती. आणि आपल्या घरच्या पोरीनं चोरून शिकावं?" वकीलीणबाई किती तरी वेळ काही बोलल्याच नाहीत. मग हळूच विचारलं, "पडत तर नाहीस ना गं?" सून म्हणाली, "खाली गादी असते." त्यावर सासूबाई म्हणतात, "मग उद्यापासून तोंड झाकून जाऊ नकोस. चोरी केली का आपण?"

तर माझं म्हणणं काय... जितेशचे सिक्स मोजायला आपण सगळ्या पुढे. 1936 आलं की "आपलं मंडळ, आपला आखाडा" म्हणायलाही पुढे. पण सकाळी सहाला तिथं घरचं कोणी नसेल, तर ते "आपलं" कसं हो? माझ्या नातीची सकाळची ट्यूशन मी कालच संध्याकाळवर टाकली. तुमची सातवीतली आहे ना, सुट्टीभर मोबाइल घेऊन लोळून राहिली? सोमवारपासून द्या पाठवून. वकीलीणबाईंची सून नेईल दोघींना स्कूटीवर, मी विचारून ठेवलंय.