मागच्या बाकाचा अहवाल

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनात मागच्या बाकावरचे एखादे खासदार भेटले, की वार्षिक कार्यअहवाल हाती पडलाच म्हणून समजा. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हात जोडलेले साहेब, आत प्रश्नांची शंभरी. लोकसभेत दिवसाला तारांकित प्रश्न २०, तेही सोडतीने. तोंडी उत्तराची पाळी येते जेमतेम चार-पाचांची. बाकीच्यांची बोळवण लेखी उत्तरावर, आणि त्यातही कधी ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’. नियम ३७७ खाली मांडायच्या निवेदनाचे २५० शब्द तर अनेकदा न बोलताच पटलावर ठेवले जातात. अहवालात मात्र ‘सभागृह दणाणून सोडले’! (दणाणले ते बहुधा छापखान्याचे यंत्र.) मतदारहो, पुढच्या वेळी साहेबांकडे उत्तरांची पुस्तिका मागा.